सेन्सर म्हणतो १६८, ग्लुकोमीटर म्हणतो १४२: मधुमेहाच्या पहिल्या महिन्यात ऐकायचं कुणाचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय ४४, तीन आठवड्यांपूर्वी टाइप २ मधुमेहाचं निदान झालं, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८.४, औषध सध्या फक्त मेटफॉर्मिन. दंडावर साखर सतत मोजून फोनवर दाखवणारा सेन्सर लावलात आणि तेव्हापासून फोन हातातून सुटत नाही. एकदा सेन्सर १६८ दाखवत असताना ग्लुकोमीटरवर १४२ आलं. न्याहारीनंतर फोनवरच्या आलेखाची रेघ रोज २१० पर्यंत चढते. परवा रात्री तीन वाजता ५८ चा अलार्म वाजला, तुम्ही घाबरून ग्लासभर फळांचा रस प्यायलात आणि सकाळी साखर २०० च्या पुढे. यातलं खरं काय मानायचं, आणि हा सेन्सर ठेवावा की काढून टाकावा, असं तुम्ही विचारलंय.

मी अठरा वर्षं मधुमेह समुपदेशक म्हणून काम करते आहे. औषध लिहून देणं डॉक्टरांचं काम. माझं काम रुग्णाशेजारी बसून त्याचे आकडे त्याच्यासोबत वाचायचं. तुमचं लिहिणं वाचताना मला जाणवलं की यंत्र अचूक आहे की नाही, ही तुमची खरी अडचण नाही. दर दहा मिनिटांनी तुम्ही सेन्सरला विचारताय, ‘मी ठीक आहे ना?’ याचं उत्तर त्याच्याकडे नाही. दुसऱ्या बऱ्याच प्रश्नांची आहेत आणि ती फार मोलाची आहेत. त्याकडे येतेच, पण आधी तुमचे तीन आकडे सोडवू, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरणार नाही.

पहिला आकडा, १६८ आणि १४२. ग्लुकोमीटर बोटातल्या रक्ताची साखर मोजतो. सेन्सर रक्त मोजतच नाही. त्याची काही मिलिमीटर लांबीची बारीक तार कातडीखाली, पेशींच्या मधल्या द्रवात बसलेली असते. त्या तारेवरच्या ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या विकराची (एन्झाइमची) साखरेशी क्रिया होते, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून सेन्सर आकडा काढतो. रक्तातली साखर या द्रवात उतरायला वेळ लागतो, साधारण पाच ते पंधरा मिनिटं. म्हणजे सेन्सर दाखवतो ती थोडी मागची गोष्ट असते. साखर स्थिर असेल तर यानं फरक पडत नाही. ती भराभर चढत किंवा उतरत असेल तर मात्र चांगलाच पडतो.

तुम्ही लिहिलंय की ही तुलना जेवणानंतर अडीच तासांनी केलीत. त्या वेळी साखर बहुधा उतरणीला होती. ती मिनिटाला २ अंकांनी उतरत होती असं धरू. सेन्सर दहा मिनिटं मागे असेल तर २० चा फरक तिथेच झाला. उरले सहा. त्यात दोन्ही यंत्रांची आपापली चूक मिसळा. ग्लुकोमीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा १०० च्या वरच्या आकड्यांना १५ टक्के इकडेतिकडे चालवून घेतं, आणि आजचे चांगले सेन्सर प्रयोगशाळेतल्या मापापेक्षा सरासरी ८ ते १० टक्क्यांनी वेगळे असतात. तुमचे दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. पुन्हा तुलना करायची झाली तर उपाशीपोटी करा, आकड्याशेजारचा बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर, असताना करा आणि नवा सेन्सर लावल्यावर पहिला दिवस सोडून करा. पहिले चोवीस तास तार अजून रुळत असते, तेव्हाचे आकडे मी कुणाच्याच बाबतीत फार मनावर घेत नाही.

आणि हात धुवून. ही गोष्ट इतकी साधी आहे की कुणी सांगतच नाही. एक गृहस्थ माझ्यासमोर बसून बोट टोचत होते. मीटरवर २६० आलं, सेन्सर १३५ म्हणत होता. सेन्सर बिघडला म्हणून ते तो उपटायलाच निघाले होते. त्यांच्या बोटांना संत्र्याचा वास येत होता, बाहेर थांबलेले असताना सोलून खाल्लं होतं. साबणानं हात धुवून, नीट कोरडे करून दुसरं बोट टोचलं, तर १४१. सॅनिटायझरनं पुसून भागत नाही, पाणी आणि साबणच हवा.

दुसरा आकडा, रात्रीचा ५८. इथे मी जरा जास्त थांबते, कारण नव्या रुग्णांची झोप यानंच उडते. एचबीए१सी ८.४ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १९४. मेटफॉर्मिन एकटं घेणाऱ्याची साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. हे औषध यकृतातून बाहेर पडणारी साखर आवरतं, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावत नाही. मग १९४ च्या सरासरीचा माणूस झोपेत ५८ ला कसा पोचेल? तुम्हाला घाम आला नव्हता, हात थरथरत नव्हते, हेही तुम्हीच लिहिलंय. माझा अंदाज, तुम्ही सेन्सरच्या दंडावर कूस करून झोपला होतात. वजनानं तिथली कातडी दाबली जाते, तारेभोवती द्रव नीट पोचत नाही आणि आकडा खोटाच घसरतो. आलेखात हे ओळखता येतं. रेघ एकदम खाली कोसळते, थोडा वेळ तळाशी राहते आणि कूस बदलल्यावर तितक्याच झटक्यानं पूर्वपदावर येते. खरी साखर अशी सहसा कोसळत नाही, ती उतरत जाते. त्या रात्रीचा आलेख उघडून रस पिण्याआधीचा भाग बघा. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर, मागच्या बाजूला, तुम्ही ज्या कुशीवर झोपत नाही तिकडे लावा.

पण यातून कुणी ‘रात्रीचा अलार्म खोटाच असतो’ असा अर्थ काढू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखं सल्फोनिलयुरिया गटातलं, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारं, औषध चालू असेल तर रात्रीचा ५८ आधी खरा मानायचा. अशा वेळी उठून बसायचं आणि बोट टोचायचं. मीटर हाताशी नसेल, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटत असेल तर आकड्यांचा वाद न घालता १५ ग्रॅम चटकन भिनणारी साखर घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तपासायचं तेही बोटावर. रक्तातली साखर सावरली तरी सेन्सर अजून खालचाच आकडा दाखवत असतो. त्याकडे बघून माणसं दुसरा ग्लास, तिसरा ग्लास पितात आणि सकाळी २५० वर उठतात.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट होऊ शकते, तिची आधीच कल्पना देऊन ठेवते. महिनोन् महिने १९०-२०० ला सरावलेलं शरीर साखर ११०-१२० ला आली तरी ‘कमी झाली’ म्हणून ओरडतं. धडधड, भूक, हातपाय गळाल्यासारखं वाटणं, सगळं अगदी खरं वाटतं आणि मीटर मात्र ११५ दाखवतो. यात धोका नाही. थोडं बसा, पाणी प्या, जेवणाची वेळ असेल तर जेवा. काही आठवड्यांत शरीराला नव्या पातळीची सवय होते. सेन्सरचा इथे फार आधार वाटतो, कारण ११५ आणि शेजारी आडवा बाण दिसला की जीव भांड्यात पडतो.

तिसरा आकडा, न्याहारीनंतरचा २१०. सरासरीच १९४ असेल तर जेवणानंतर २१० दिसणारच. गेले कित्येक महिने तो तसाच, कदाचित जास्तही, होत होता. तुम्हाला फक्त आता दिसू लागला. तीन आठवड्यांच्या औषधानं तो लगेच १४० वर यावा अशी अपेक्षाही धरू नका. मधुमेह नसलेल्या माणसांना सेन्सर लावून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचीही साखर दिवसातला साधारण अर्धा तास १४० च्या वर होती. सपाट रेघ निरोगी माणसाचीही नसते.

या सपाट रेघेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्यापायी झालेलं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक शिक्षिका माझ्याकडे यायच्या, पन्नाशीच्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला, रेघ पट्टीनं आखल्यासारखी, दिवसभर ९५ ते ११५. चेहऱ्यावर केवढा आनंद! मी विचारलं, काल काय काय खाल्लं? उत्तर यायला वेळ लागला. आधी धान्य गेलं होतं, मग फळं, मग कडधान्यं, कारण प्रत्येकानं रेघ थोडी तरी हलायचीच. सहा आठवड्यांत सात किलो वजन उतरलं होतं आणि जिना चढताना मांड्या थरथरत होत्या. त्यांच्या आलेखात कुठेच लाल रंग नव्हता. त्यांना पुन्हा पोटभर जेवायला लावण्यात पुढचे तीन महिने गेले. सेन्सर एकच गोष्ट मोजतो. प्रथिनं पोटात गेली का, तंतुमय अन्न गेलं का, स्नायू झिजतायत का, हे त्याला कळत नाही. तुम्ही लिहिलंय की गेल्या आठवड्यात दोनदा रात्रीचं जेवण टाळलंत, ‘रेघ खराब होऊ नये म्हणून’. ते आजपासून बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता सेन्सर वापरायचा कसा, ते सांगते. माझी पद्धत अशी. सेन्सर लावल्यावर पहिले तीन-चार दिवस काही म्हणजे काही बदलायचं नाही. नेहमीचं जेवा, नेहमीसारखं झोपा, आकडे फक्त साठू द्या. फोनवरचा ‘जास्त साखर’ हा अलार्म २५० वर नेऊन ठेवा किंवा सरळ बंद करा. तुमच्या आताच्या पातळीला १८० चा अलार्म दिवसभर वाजत राहील. ७० चा अलार्म मात्र चालू असू द्या. फोन दिवसातून चार-पाच वेळा बघा, वेळा ठरवून: उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना. मधल्या आकड्यांचं काही चुकत नाही. दर पाच मिनिटांना एक धरला तरी दिवसाला २८८ नोंदी आपोआप होतात, तुम्ही बघा अगर न बघा.

मग एका वेळी एकच प्रश्न घ्यायचा. तुमचा पहिला प्रश्न समोरच आहे, न्याहारीचा. तीच न्याहारी, तेवढीच, त्याच वेळी दोन दिवस घ्या आणि रेघ किती वाजता कितीवर पोचते ते वहीत लिहा. पुढचे दोन दिवस न्याहारी तीच, पण नंतर पंधरा मिनिटं चाला. त्यापुढचे दोन दिवस चालणं नको, पण त्याच न्याहारीतलं प्रथिन आणि भाजी आधी खा, पिठूळ भाग शेवटी. एका दिवसावरून निष्कर्ष काढायचा नाही. रात्री झोप झाली नसेल, सर्दी-ताप असेल, कामाचा ताण असेल तर तीच न्याहारी तीस-चाळीस अंकांनी वेगळी चढते. सहा दिवसांनी तुमच्या हातात तुमच्या शरीराचं उत्तर असेल, जे मी किंवा कुठलाही तक्ता देऊ शकत नाही. माझ्या अनुभवात जेवणानंतरच्या चालण्याचा फरक बहुतेकांना दिसतो, आणि डोळ्यांनी दिसला की तो पाळला जातो. वर्षानुवर्षं ‘चाला, चाला’ म्हणून जे जमलं नव्हतं ते दोन आलेख शेजारी ठेवल्यावर एका दुपारी जमलेलं मी पाहिलं आहे.

चौदा दिवस झाले की सुटे आकडे सोडून सेन्सरच्या ॲपमधला अहवाल उघडा. त्यात चौदा दिवस एकावर एक ठेवून चोवीस तासांचा एकच आलेख काढलेला असतो. मधली ठळक रेघ म्हणजे तुमचा नेहमीचा दिवस. भोवतीचा पट्टा जिथे रुंद, तिथे दिवसादिवसांत फरक जास्त. पट्टा रोज एकाच वेळी वर जात असेल तर तिथे उपाय करता येतो. फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांना एक सांगून ठेवते. हा अहवाल घड्याळावर चालतो. तुमचं रात्रीचं जेवण एका आठवड्यात आठला आणि दुसऱ्यात पहाटे तीनला होत असेल तर या आलेखाची खिचडी होते. पाळीप्रमाणे वेगवेगळे दिवस निवडून बघायचे.

अहवालात एक टक्केवारी असते, साखर ७० ते १८० च्या मध्ये किती वेळ राहिली याची. २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेलं उद्दिष्ट असं आहे: ७० टक्क्यांहून जास्त वेळ या मर्यादेत, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी. वयस्कर किंवा नाजूक प्रकृतीच्या माणसांसाठी ते सैल केलंय, मर्यादेत ५० टक्के पुरे, पण ७० च्या खाली १ टक्क्याच्याही आत, कारण त्यांना उंच साखरेपेक्षा साखर उतरून एकदा तोल जाऊन पडणं महागात जातं. गरोदरपणात मर्यादाच वेगळी, ६३ ते १४०. तुमचा पहिला अहवाल ४० टक्के दाखवेल तरी हबकू नका. ४० चे ५० झाले म्हणजे दिवसाला जवळजवळ अडीच तास जास्त चांगल्या साखरेत गेले. आणि फार घाईनं खाली आणण्याचा हट्टही नको. खूप दिवस चढलेली साखर एकदम उतरवली तर काहींच्या डोळ्यांच्या पडद्याचा आधीचा त्रास सुरुवातीला वाढतो, म्हणून डॉक्टरांना डोळे आधी तपासून हवे असतात. साखर उतरताना नजरही काही आठवडे धूसर होते; या काळात नवा चष्मा करू नका, नंबर पुन्हा बदलतो.

आता ठेवावा की काढावा. हे औषधावर अवलंबून आहे. टाइप १ (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असेल, किंवा दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेत असाल, तर माझ्या मते सेन्सर कायम असावा, रात्रीच्या अलार्मसाठी तर नक्कीच. टाइप २ मध्ये दिवसातून एक-दोनदा दीर्घ किंवा मध्यम परिणामाचं इन्सुलिन घेणाऱ्यांचा अभ्यास २०२१ मध्ये आला: आठ महिन्यांत सेन्सरवाल्या गटाचं एचबीए१सी ९.१ वरून ८.० वर आलं, बोट टोचणाऱ्या गटाचं ९.० वरून ८.४ वर. फायदा दोन्हीकडे झाला, सेन्सरनं जास्त. तुमच्यासारख्या फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांना मी सलग वापर सुचवत नाही. चौदा दिवस लावा, शिका, काढा. तीन महिन्यांनी किंवा औषध बदललं की पुन्हा चौदा दिवस. आणि आकडे बघून छातीत धस्स होणं या वेळीही थांबलं नाही, तर डॉक्टरांना ‘झाकलेला’ सेन्सर लावता येतो. त्याची नोंद होत राहते, पण आकडे रुग्णाला दिसत नाहीत, नंतर दोघं मिळून बघतात. अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळालेला पहिला सेन्सर तसाच होता, तीन दिवस नोंद आणि मग दवाखान्यात वाचन.

काही किरकोळ गोष्टी. क जीवनसत्त्वाचे मोठे डोस काही सेन्सरचा आकडा खोटा वाढवतात, काहींवर पॅरासिटॅमॉलचा परिणाम होतो. तुमच्या सेन्सरच्या पत्रकात बघून घ्या. चिकटपट्टीखाली खाज, पुरळ, फोड आले तर तसंच दामटू नका, दाखवा. एमआरआय करायचा असेल तर आधी सांगा.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. उलट्या, पोटदुखी, धाप, खूप तहान, भराभर उतरणारं वजन, यातलं काही सुरू झालं तर सेन्सरवर १७० बघून घरी थांबू नका. सेन्सर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) मोजत नाही, आणि एसजीएलटी२ गटातली, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं घेणाऱ्यांना साखर फारशी न चढताही कीटोन वाढून गंभीर आजार होऊ शकतो. शिवाय चाळिशीत टाइप २ म्हणून निदान झालेल्या थोड्या लोकांचा आजार पुढे टाइप १ च्या जातीचा निघतो. गोळ्या नियमित घेऊनही रेघ आठवड्यामागून आठवडे वरच सरकत असेल तर त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

पुढच्या भेटीला जाताना फोन पुढे करून ‘हे बघा’ म्हणू नका, दहा मिनिटांत कुणालाच त्यातून काही काढता येत नाही. चौदा दिवसांच्या अहवालाचं एक पान छापून न्या. त्याच्या मागे तीन ओळी लिहा: न्याहारीनंतर चालण्यानं किती फरक पडला, पट्टा कुठल्या वेळी सगळ्यात रुंद आहे, आणि रात्रीचे अलार्म किती वेळा वाजले, त्यातले बोटावर तपासून खरे निघाले किती. रस प्यायलात ती रात्रही लिहा, आणि सेन्सर कुठल्या दंडावर होता तेही.